पिशवी ओता, वहिनी

परवा, १९ एप्रिलला, लेक सहा महिन्यांची झाली आणि तिचं उष्टावण झालं. गेल्या वर्षी दिवस राहिले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू होती. रात्र-रात्र मोबाइलवर वाचत बसायचे, पण नेमकं कुणाकडे जायचं, काय विचारायचं, हे कुठेच सापडत नव्हतं. म्हणून सगळं तारखांसकट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही. मला दिलेल्या गोळ्या माझी तब्येत बघून दिलेल्या होत्या. त्यांची नावं लिहितेय ती एवढ्याचसाठी, की तुमच्या डॉक्टरांना विचारताना शब्द हाताशी असावेत.

आम्ही जुन्नर तालुक्यात, वाडीवर राहतो. मी पुण्याची, लग्नानंतर इकडे आले. घरी नवरा, सासूबाई (मी त्यांना आई म्हणते), थोडी शेती.

१२ मार्च २०२४, मंगळवार. पाळी दहा-अकरा दिवस पुढे गेली होती. आमच्या आशाताई नुकत्याच कामावर परतल्या होत्या. जानेवारी-फेब्रुवारीत राज्यभरातल्या आशांचा संप होता, त्याही आझाद मैदानावर जाऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे ‘निश्चय’ किट असतं, लघवीची तपासणी घरच्या घरी होते, पैसे पडत नाहीत. दोन रेषा उमटल्या. सात वर्षांनी! मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं, सासूबाईंकडून पाणी मागून घेतलं आणि मग विचारलं, “वहिनी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“बीपीची एक.”

मी नाव सांगायला लागले तर म्हणाल्या, “नाव नको. पिशवीच आणा. ओता इथं.”

आमच्या घरातली औषधं स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीत असतात. तुमच्याकडेही असेल अशी एक. ती मी चटईवर रिकामी केली. टेल्मिसार्टनच्या दोन पट्ट्या, ॲसिडिटीच्या अर्धवट गोळ्या, दाढ दुखली तेव्हाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल, एक वेदनाशामक मलम, तारीख संपलेलं खोकल्याचं औषध, सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या. ताईंनी एकेक पट्टी उचलून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझं, आईंचं, टाकून द्यायचं असे तीन ढीग केले. मग टेल्मिसार्टनची पट्टी हातात धरून म्हणाल्या, “यातलं सगळं मला कळत नाही. पण बीपीची गोळी गरोदरपणात तीच ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही, एवढं नक्की.” फोटो काढला आणि उपकेंद्रातल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन. “आजच्या आज पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जा. मनानं बंद करू नका आणि मनानं चालूही ठेवू नका.”

त्याच दुपारी डॉक्टरांनी टेल्मिसार्टन थांबवून लॅबेटॅलॉल १०० सकाळ-संध्याकाळ सुरू केली. त्यांनी कागदावर लिहून समजावलं. ज्यांच्या नावाचा शेवट ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ असा होतो (टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल), त्या गोळ्या पुढच्या महिन्यांत बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करतात आणि गर्भजल कमी होऊ शकतं. दिवस राहिल्याचं कळलं की त्या लगेच बदलायच्या असतात. मी साडेपाच आठवड्यांवर पोचले होते, म्हणजे वेळेत. तरी पुढचे तीन महिने ती भीती माझ्या उशाशीच होती. बाळासाठी प्रयत्न चालू आहेत हे मी त्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. तुम्ही प्रयत्न करत असाल आणि बीपी, फिट्स, थायरॉइड, साखर कशाचीही रोजची गोळी चालू असेल, तर दिवस राहायच्या आधीच जाऊन विचारा.

लॅबेटॅलॉलचा साठा तेव्हा केंद्रावर नव्हता. बाहेरून दहा गोळ्यांची पट्टी शंभराच्या घरात पडायची. मे महिन्यापासून ती तिथेच मोफत मिळू लागली. “नाही” म्हटलं की आपण मुकाट्यानं मेडिकलची वाट धरतो. तसं न करता “कधी येईल?” विचारून फोन नंबर देऊन ठेवावा. मला खरंच फोन आला होता.

२० मार्चला रीतसर नोंदणी झाली. बारा आठवड्यांच्या आत करायची असते. माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं, आरसीएच नंबर, म्हणजे गरोदर बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक, पडला. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, लघवी, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर. नऊला गेलेली मी दीडला बाहेर पडले. ग्लुकोजनं मळमळतं, सोबत कुणीतरी न्या आणि ते दोन तास बाकड्यावर बसूनच काढा. हिमोग्लोबिन १०.४. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या, धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन झालं.

मातृवंदना योजनेचा अर्जही तेव्हाच भरायला घेतला. पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात, नोंदणी आणि तपासणीनंतर ३००० आणि बाळाची जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २०००. आमच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागला, वर्षाला आठ लाखांच्या आतला. तो तहसीलमधून बारा दिवसांत आला. अडलं ते नावापाशी. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, कार्डावर सिस्टरनी ऐकून लिहिलेलं तिसरंच. आधारवरचं नाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला आणि ५० रुपये लागले, पण तारीख मिळेपर्यंत जुलै उजाडला. आणि जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले. सेतू, बँक, अंगणवाडी, जिथे जावं तिथे बायांची रांग. अंगणवाडीताई रात्री नऊला फॉर्म भरताना दिसायच्या, त्यांना माझं काम सांगायची लाज वाटायची. शेवटी ३००० रुपये सप्टेंबरमध्ये आले, तेही मी विसरून गेलेल्या पुण्याच्या जुन्या खात्यात, कारण आधार त्याच खात्याला जोडलेलं होतं. अर्ज भरायच्या आधी बँकेत जाऊन आपलं आधार कुठल्या खात्याला जोडलंय तेवढं विचारा. माझे चार महिने वाचले असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ येतात. चौथ्या महिन्यापासून जायचं. मी पहिल्यांदा ९ मे रोजी गेले. कार्डावर लाल खूण झाली, म्हणजे जोखमीची माता. ती खूण बघून मला कसंतरीच झालं, पण तिचा अर्थ एवढाच की ही बाई रांगेत मागे राहता कामा नये. त्या डॉक्टरांनी रात्री जेवणानंतर कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली. आधीपासून बीपी असलेल्यांना पुढे गरोदरपणातला बीपीचा त्रास वाढू नये म्हणून ती बारा आठवड्यांनंतर देतात. घरी आल्यावर यावरून वाद झाला. “रक्त पातळ करायची गोळी पोटुशीला?” सासूबाईंनी पट्टी उचलून फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या, काकूंशेजारी बसल्या. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेलं वाचून दाखवलं, मग म्हणाल्या, “काकू, ही गोळी तुमच्या सुनेच्या वारेला रक्त नीट पोचावं म्हणून आहे. रोज रात्री तुम्हीच तिला आठवण करा.” त्या दिवसापासून ॲस्पिरिनची पट्टी आईंच्या ताब्यात. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत त्यांनी एक रात्रही चुकवली नाही.

९ जूनला रविवार आला म्हणून तपासणी १० तारखेला झाली. हिमोग्लोबिन ९.६! महिनाभर लोहाची लाल गोळी घेऊनही उतरलं. मला वाटलं आतून रक्त जातंय. ताई घरी आल्या, पुन्हा पिशवी ओतली, गोळ्या मोजल्या. तीसपैकी अकरा शिल्लक होत्या. मग विचारलं, कशाबरोबर घेता? मी सकाळच्या चहाबरोबर लोह आणि कॅल्शियम एकदमच गिळत होते, एकदाची कटकट संपावी म्हणून. आणि मळमळलं की दोन-दोन दिवस सुटायच्या. चहानं लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमही त्याला अडवतं. त्यांनी कार्डाच्या मागे पेनानं चित्र काढून दिलं. नाश्त्यावर आणि दुपारच्या जेवणावर कॅल्शियमसाठी पांढरा गोल, संध्याकाळी पाचला आणि रात्री झोपताना लोहासाठी लाल गोल, शेजारी लिंबाची फोड. डॉक्टरांनी लोहाच्या दोन गोळ्या केल्या होत्या. लिंबूपाण्याबरोबर घेतली की मळमळ कमी व्हायची. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. ९ जुलैला १०.१, ९ ऑगस्टला १०.९. जंताची गोळीही याच काळात एकदा झाली.

मधे १४ जूनला एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी, खासगीत, २२०० रुपये. सरकारीत मोफत होती, पण नंबर तीन आठवड्यांनी होता आणि मला टेल्मिसार्टनचं ते भूत उतरवायचं होतं. मूत्रपिंडं दोन्ही नीट, गर्भजल नीट. गाडीत बसल्यावर नवरा बराच वेळ किल्ली न फिरवताच बसून राहिला.

ऑगस्टअखेरीला, सातवा संपत आला तेव्हा कंबर धरली. बसलं तर उठवेना. आमच्याकडे असं झालं की माणसं गावातल्या एका डॉक्टरांकडे जातात, ते पुडी देतात. कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एकेक पुडी, ८० रुपये. नवऱ्यानं मायेनंच आणल्या. मी दोन घेतल्या आणि खरंच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या. पिशवी ओतली तर एक पांढरी आणि एक पिवळी, ना नाव ना पट्टी.

“ही कशाची?”

“कमरेची.”

“नाव?”

मी गप्प. त्या रागावल्या नाहीत. पुडी परत बांधली, ब्लाउजमधला मोबाइल काढला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “दादा, आत्ता जा आणि या पट्टीवरून काढल्यात ती पट्टी दाखवा म्हणावं. फोटो आणा.” फोटो आला. पांढरीत डायक्लोफिनॅक होतं. पाचव्या महिन्यानंतर, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, या जातीच्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात. गर्भजल कमी होऊ शकतं आणि बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर मिटायची, ती पोटातच मिटायला लागू शकते. शिवाय माझं बीपी. पीएचसीच्या डॉक्टरांनी ती बंद करून साधी पॅरासिटामॉल दिली, गरम शेक सांगितला आणि दोन दिवसांत सोनोग्राफी करून पाणी तपासलं. ठीक होतं. त्या दोन दिवसांत मी कुणाशी धड बोलले नाही. दवाखान्यात पाय ठेवताच “मी गरोदर आहे” हे पहिलं वाक्य असू द्या, नवऱ्याला औषध आणायला पाठवलं तर त्यालाही हेच वाक्य द्या, आणि ज्या गोळीची पट्टी दिसत नाही ती घरात घेऊ नका.

९ ऑक्टोबर, बुधवार. बीपी १५०/१००, लघवीत प्रथिनं. सिस्टरनी मला पाच मिनिटं शांत बसवून, हात टेबलावर टेकवून परत मोजलं. तेवढंच. (घाईत, बोलत-बोलत मोजलेलं बीपी खरं धरू नका, परत मोजा म्हणावं.) गोळीचा डोस वाढला. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं झालं, छातीखाली पोटात दुखलं, तोंडावर सूज आली तर वेळ न बघता निघायचं, असं सांगितलं. आशाताईंनी १०८ नंबर आईंच्या फोनमध्येही टाकला आणि रस्त्यापर्यंत मला कोण नेणार, रात्री कुणाची गाडी, हेसुद्धा ठरवून घेतलं. दसऱ्याला माझ्या घरी आपट्याची पानं घेऊन आलेल्या बायांमध्ये त्या बीपीचं मशीन घेऊन आल्या होत्या.

सदतीस आठवडे भरले की कळा आणवायच्या असं ठरलं होतं. १७ ऑक्टोबरला उपजिल्हा रुग्णालयात भरती झाले, घरापासून ३२ किलोमीटर. १८ ला सकाळी जेल ठेवलं. संध्याकाळपर्यंत बारीक कळा, आणि रात्री दहाला बीपी १६४/११०. डोकं दुखत होतं, पण मी ते जागरणाचं समजत होते. सिस्टरनी विचारलं म्हणून सांगितलं. नसतं विचारलं तर सांगितलं नसतं, हे मला आजही आठवतं.

मग मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं, झटके येऊ नयेत म्हणून. आधी शिरेतून सावकाश, मग दोन्ही कुल्ल्यांवर. ते इंजेक्शन फार दुखतं आणि अंगभर गरम वाफ पसरल्यासारखं होतं, घसा कोरडा पडतो. हे होणारच आहे असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. त्यानंतर दर चार तासांनी पुढचा डोस. प्रत्येक डोसआधी एक लहानखुरी सिस्टर यायची, वय असेल पंचवीस. चादर बाजूला करायची, माझ्या गुडघ्याखाली एक हात घालून पाय सैल सोडायला सांगायची आणि रबरी हातोडीनं वाटीच्या खाली टक्‌ करायची. पाय उडाला की कागदावर बरोबरची खूण. मग घड्याळाकडे बघत माझा श्वास मोजायची, पूर्ण एक मिनिट. मग पिशवीतली लघवी किती झाली ते बघायची. तिन्ही ठीक असलं तरच सुई. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, “ताई, हे औषध जास्त झालं तर आधी पाय उडायचा थांबतो. म्हणून आम्ही आधी पायाला विचारतो.” त्याच्यावरचा उतारा, कॅल्शियमचं इंजेक्शन, तिनं ट्रेमध्ये भरून तयार ठेवलेलं मला दाखवलंही. प्रसूतीनंतरही चोवीस तास हे चालू होतं आणि एकदाही तिनं किंवा तिच्या बदलीवाल्या सिस्टरनी पायाला न विचारता सुई दिली नाही.

१९ ऑक्टोबरला पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. नॉर्मल. २ किलो ४०० ग्रॅम. वार पडावी आणि रक्तस्राव होऊ नये म्हणून मला इंजेक्शन, तिला व्हिटॅमिन केचं. मग तिला पुसून माझ्या छातीवर उघडं ठेवलं आणि वरून दोघींना पांघरलं. बीसीजी, पोलिओ, कावीळ या लसी त्याच दिवशी झाल्या. सरकारी बाळंतपणात औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी सगळं मोफत असतं. आमचा खर्च झाला तो आईंच्या राहण्या-खाण्याचा आणि नवऱ्याच्या फेऱ्यांचा, १९०० च्या आसपास. जन्मनोंद रुग्णालयातूनच झाली. बाळाचं नाव दाखल्यावर वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं, बारशाची घाई करायची गरज नाही.

२२ ला घरी आलो आणि त्याच संध्याकाळी आशाताई हजर. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. मला हे नंतर कळलं, की बाळाला घरी जाऊन बघायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून आलीय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशा हे काम करतात.

ताई आल्या की आधी साबणानं हात धुवायच्या, कोपरापर्यंत, आणि हात हवेत धरून वाळवायच्या. झोळीच्या काट्यावर वजन, बगलेत थर्मामीटर, मग बाळाची छाती उघडी करून एक मिनिट श्वास. साठच्या वर गेले तर दवाखाना. नाळ कोरडी ठेवायची, काहीही लावायचं नाही. आणि शेवटी पिशवी.

सातव्या दिवशी माझं बीपी १५२/९८ निघालं. बाळंतपण झालं की बीपी उतरलं असं मी धरून चालले होते, तर पहिल्या आठवड्यात ते उलट चढू शकतं. नवरा म्हणाला, “आता जुनीच गोळी सुरू करू का, पडूनच आहे.” मार्चमधली ती टेल्मिसार्टन! ताईंनी ती पट्टी स्वतःच्या पर्सीत टाकून नेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दूध पाजताना चालते ती निफेडिपिन जोडून दिली.

चौदाव्या दिवसाची भेट दिवाळी पाडव्याला आली, २ नोव्हेंबरला. त्यांच्या घरी पाहुणे असणार, तरी दहाला दारात. बाळाचं वजन २ किलो ४२०, म्हणजे जन्माचं भरून निघालं होतं. त्या आल्या तेव्हा आई सहाणेवर घुटी उगाळत होत्या. वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम. कितीतरी महिने आधी त्यांनी ते ओतूरच्या बाजारातून निवडून आणलं होतं, स्वतःच्या हातानं डबीत भरलं होतं. ताईंनी डबी हातात घेतली, वास घेतला, “काकू, माझ्या आईची डबी अशीच होती,” म्हणाल्या. मग सांगितलं, की सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही, पाणीसुद्धा नाही. बाळ लहान आहे, सहाणेवरून, पाण्यातून काय पोटात जाईल सांगता येत नाही आणि तेवढं दूध कमी प्यायलं जातं. आई काही बोलल्या नाहीत. सहाण धुतली आणि आत जाऊन बसल्या. त्यांचं मन दुखावलं ते मला दिसत होतं आणि माझाही जीव तुटत होता, कारण बाळासाठी एवढं जपून ठेवलेलं त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. ताई आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा आईंच्या साडीच्या पदराआड, छातीला लावून बाळ होतं. वजन कमी असलेल्या बाळाला अशी अंगाची ऊब लागते आणि ती आजीनं दिली तरी चालते. त्यानंतर रोज दुपारी दोन तास बाळ आईंच्या छातीवर, आणि मला झोप. अठ्ठाविसाव्या दिवशी २ किलो ९००.

४ डिसेंबरला अंगणवाडीत दीड महिन्याच्या लसी झाल्या. तेव्हा वजन साडेतीन किलो. ताप येईल म्हणून सिस्टरनी पॅरासिटामॉलचे थेंब दिले, १ मिलीत १०० मिलिग्रॅमवाले, आणि सांगितलं पॉइंट चार मिली. घरी आल्यावर ताईंनी ड्रॉपर बघितला. त्यावरच्या रेषा इतक्या फिकट की उजेडात धरल्याशिवाय दिसेनात. त्या म्हणाल्या, “वहिनी, नेलपॉलिश आहे का?” लग्नातली सुकत आलेली लाल बाटली मी शोधून दिली. त्यांनी ०.४ च्या खुणेवर बारीक लाल रेघ ओढली, फुंकर मारून वाळवली.

रात्री साडेअकराला बाळाचं अंग तापलं, १०१. लाइट गेलेली. नवरा मोबाइलच्या उजेडात औषध काढायला लागला. दुपारी सिस्टर सांगत होत्या तेव्हा तो गाडी लावत होता, त्यानं फक्त “चार” ऐकलं होतं. आणि नणंदेच्या मुलाला चमच्यानं पाच-पाच मिली सिरप देताना त्यानं बघितलेलं. त्यामुळे चार मिली त्याला मुळीच जास्त वाटलं नाही. ते सिरप पातळ असतं, हे थेंब कितीतरी घट्ट. ड्रॉपर एक मिलीचा. तो काठोकाठ भरला आणि मला म्हणाला, “असे चार ना?” मी अर्धवट झोपेत “हो” म्हणाले.

मग तोच थांबला. “ही लाल रेघ कसली?”

मी उठून बसले. ड्रॉपर उजेडात धरला, जास्तीचं बाटलीत परत सोडलं, रेघेपर्यंत आणलं. बाळानं चाटून घेतलं आणि पहाटेपर्यंत ताप उतरला. आम्ही दोघं मात्र जागेच होतो. दहा पट औषध गेलं असतं. त्यानंतर आमच्या घरी नियम झाला. बाळाचं औषध एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचायचा, रात्र असो की दिवस. थेंब आणि सिरप यांच्या बाटल्या शेजारी ठेवायच्या नाहीत.

जानेवारीत तिला सर्दी झाली तेव्हा नणंदेनं आपल्या मुलाची गोड सिरपची बाटली आणली. ताईंनी त्यावरचं लेबल आम्हाला वाचायला लावलं. तिच्यातल्या, म्हणजे क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनच्या, मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापायचे आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाले होते. नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध, आणि श्वास मोजत राहणं. पाच दिवसांत सर्दी गेली.

२९ जानेवारीला साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या, मातृवंदनेचे उरलेले २००० रुपये ११ एप्रिलला आले, या वेळी बरोबर खात्यात.

परवाच्या उष्टावणाला आशाताईंना आवर्जून बोलावलं होतं. आईंनी चांदीच्या वाटीत मऊ भात आणि तूप कालवलं, पहिला घास मामानं भरवला. बाळानं तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या घासाला हात पुढे केला. ताईंनी लोहाच्या सिरपची बाटली आणली होती, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली, ती कशी द्यायची ते दाखवलं आणि कार्डावर लिहिलं. मी सवयीनं दारामागची पिशवी काढायला उठले.

आई आधीच उठल्या होत्या. त्यांच्या हातात त्यांची स्वतःची पिशवी होती, बटव्यासारखी, गाठ मारलेली. ती त्यांनी चटईवर ताईंसमोर मोकळी केली. बीपीची पट्टी, ॲसिडिटीची, आणि कागदात बांधलेल्या चार पुड्या.

“गुडघ्याच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “माझ्यापण बघ गं.”

ताईंनी चष्मा लावला आणि पहिली पुडी उघडली.